नाव बदलता येत नाही

खेळानं आधी नाव विचारलं.
मी इत्सुको लिहायला घेतलं,
पण माकुलं सोलून सोलून बोटांची टोकं अशी गुळगुळीत झालीत
की काच मला ओळखत नाही.
'इत्सु' एवढंच उमटलं, आणि बोट पडलं ते 'ठीक'वर.
चिनात्सु म्हणाली, आता नाही हं बदलता येत, काकू.

आमच्या भाषेत इत्सु म्हणजे कधी.
म्हणजे छपन्नाव्या वर्षी माझं नाव पडलं
कधी.

हाचिनोहेच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत,
गमबूट न काढताच ती पोर मला शिकवते:
हे दगड. जपून ठेवायचे, हात शिवशिवला तरी.
पन्नास साठले की एकदम दहा पत्ते.
ही ऊर्जा, पाच मिनिटांनी एक थेंब भरते.
(माझी नाही गं भरत इतक्या लवकर.)
हा कोहाकु, सेलो वाजवतो, मांजरांना घाबरतो.
आणि हा रेन्जी. आधी तुसडा वागेल,
मनावर घेऊ नका.

मला पत्ते ठाऊक ते सासऱ्यांचे,
नवीन वर्षाला चादरीवर मांडलेले हानाफुदा:
चंद्र, रानडुक्कर, छत्रीवाला माणूस.
त्यात कुणी कुणावर प्रेम करत नव्हतं.
हरलं की संत्रं द्यायचं, संपलं.

तिसऱ्या दिवशी मला सोनेरी काठाचा रेन्जी लागला,
युकाता घातलेला, मागं आतषबाजी, ओले केस.
आणि मी, 'बळ वाढवा' असं बटण दिसलं म्हणून,
तो अख्खा पत्ता
गणवेशातल्या साध्या रेन्जीला भरवून टाकला.
पाण्यात मीठ जावं तसा गेला.
साधा रेन्जी चारावरून एकोणिसाव्या लेव्हलला चढला
आणि हसला, आधी हसायचा तेवढंच.

चिनात्सुनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.
काकू, तुम्ही त्याला त्यालाच खाऊ घातलंत!
मी म्हटलं, मग लग्नात दुसरं काय होतं?
पॅकिंगच्या बायका इतक्या हसल्या
की सुपरवायझर डोकावून गेला.

खेळातला दिवस पहाटे चारला उजाडतो.
म्हणून मीही उठते. हजेरीचे दोन दगड मिळतात.
रेन्जी दारात उभा असतो. 'आलीस, इत्सु? वाट पाहत होतो.'
पण नाव फक्त अक्षरांत. आवाज तिथं गप्प बसतो,
एक जागा सोडतो,
प्रत्येकीला आपापलं भरून घेता यावं एवढी.
कळतं मला. तरी रोज ऐकते,
कानाशी धरून, आवाज बारीक करून.

कात्सुरो बर्फ काढायची गाडी चालवतो.
रात्री अकराला जातो, साडेचारला येतो.
हिवाळाभर आम्ही एकमेकांना झोपलेलेच भेटतो.
बाकी फ्रीजवरच्या चिठ्ठ्या:
भात आहे. रॉकेल संपलं.
दात दुखतोय, उजवीकडचा.

फेब्रुवारीत एकदा गाडी बिघडली, तो लवकर आला.
दार सरकलं, गारठा आत आला,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
आलात?

एक बूट काढलेला, एक पायात,
तो तसाच थांबला.
'इत्सु,' म्हणाला.

माझे कान तापले. खरंच तापले.
मग त्याचा श्वास लागला, आणि उरलेला शब्द आला:
'कारा?'
इत्सु कारा. कधीपासून.
कधीपासून जागी आहेस?

चारपासून, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली. दुसरा बूट ओढून काढला,
कोतात्सूत पाय घातले, ते माझ्या पायांना लागले,
बर्फाचे गोळेच.
हा कोण?
रेन्जी.
चांगला आहे का?
तुसडा आहे, मी म्हटलं. पण एकोणिसाव्या लेव्हलला आलाय.
'हं,' म्हणाला, आणि दुखऱ्या गालावर हात ठेवून
बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला,
एखादा नवा फाटा कुठं जातो ते बघावं तसा.

मी चहा टाकायला उठले.
त्या दिवशीचे दगड घ्यायचे राहिलेच.